गोल्फ गेममध्ये शॉटची आखणी आणि पटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॉटची ताकद ठरवणारा मीटर बरोबर जागी थांबतो, बॉल सरळ जातो, तरी राउंड संपतो तेव्हा स्कोअर पारच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, वरच असतो. गोल्फ गेम खेळणाऱ्या बहुतेकांची अडचण हीच असते आणि तिचं मूळ बोटांत क्वचितच सापडतं. बटण दाबण्याआधी काय पाहिलं आणि काय ठरवलं, खरा फरक तिथे पडतो. खालची उत्तरं 'पीजीए टूर २के' मालिका किंवा ईएचा 'पीजीए टूर' अशा खऱ्या खेळाच्या जवळ जाणाऱ्या गेमसाठी लिहिली आहेत. 'एव्हरीबडीज गोल्फ' किंवा 'मारिओ गोल्फ'मध्ये आकडे बदलतील, पण विचार करायची पद्धत तीच राहील.

होल सुरू झाला की सगळ्यात आधी काय पाहायचं?

पिन, म्हणजे होलच्या खड्ड्यातला झेंडा. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, हातात घेण्याआधी कॅमेरा थेट ग्रीनवर, म्हणजे पिनभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, न्या आणि तिथून उलट मागे या. पिन कुठे आहे, ग्रीनचा उतार कोणत्या बाजूला आहे, पट, म्हणजे ग्रीनवरचा जमिनीलगतचा फटका, कुठून मारायला सोपा जाईल? त्या जागी बॉल टाकायला फेअरवेची, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची, कोणती बाजू सोयीची? तिथे पोहोचायला टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून, कोणता क्लब लागेल? प्रश्न याच क्रमाने सोडवायचे. बहुतेक जण नेमके उलटे जातात. जास्तीत जास्त लांब मारतात आणि बॉल जिथे पडेल तिथून पुढचं पाहतात.

समजा ४१० यार्डांचा पार ४, म्हणजे चार फटक्यांचा होल, आहे. पिन ग्रीनच्या पुढच्या भागात डावीकडे, तिच्या अगदी समोर बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आणि ग्रीन मागून पुढे उतरतंय. फेअरवेच्या डावीकडून मारलं तर बंकरवरूनच बॉल न्यावा लागतो. उजवीकडून मारलं तर ग्रीनचं तोंड मोकळं मिळतं. म्हणजे ड्राइव्ह उजवीकडे हवा. आता ड्रायव्हर २८० यार्ड जातो आणि नेमका तिथेच फेअरवे अरुंद होतो. ३ वुड हा त्याहून थोडा कमी लांब मारणारा क्लब २५० जातो, तिथे जागा ऐसपैस आहे. निवड अशी उरते: १३० यार्डांचा शॉट कदाचित रफमधून, म्हणजे उंच गवतातून, की १६० यार्डांचा शॉट नक्की फेअरवेवरून? या होलवर मी दुसरा पर्याय घेईन. रफमधून बॅकस्पिन, म्हणजे बॉलची उलटी फिरकी, कमी मिळतो, बॉल ग्रीनवर पडून पुढे घरंगळतो आणि पिनच्या वरच्या बाजूला जाऊन थांबतो. मग उताराचा पट वाट्याला येतो. पिन मागच्या बाजूला असती आणि बंकर नसता, तर ड्रायव्हरच काढला असता.

क्लबसमोर दिसणारं अंतर नेमकं कशाचं असतं?

बहुतेक गेममध्ये ते सपाट जमिनीवर, वारा नसताना, पूर्ण ताकदीने मारलेल्या शॉटचं असतं. काही ठिकाणी तो आकडा फक्त कॅरीचा, म्हणजे हवेतल्या प्रवासाचा असतो, तर काही ठिकाणी जमिनीवरचं घरंगळणंही त्यात धरलेलं असतं. आपल्या गेममध्ये यातलं काय आहे ते सरावाच्या मैदानावर एकदा पक्कं करून घ्या. पाणी किंवा बंकर ओलांडायचा असेल तेव्हा फक्त कॅरी मोजायची. ग्रीनवर बॉल कुठे थांबेल हे ठरवताना कॅरी आणि घरंगळणं दोन्ही मोजायचं. वेजने, म्हणजे जवळून उंच मारायच्या क्लबने, मारलेला बॉल पडतो तिथेच जवळपास थांबतो, लाँग आयर्नने, म्हणजे लांब अंतराच्या लोखंडी क्लबने, मारलेला बराच पुढे पळतो, आणि ग्रीन कडक असेल तर आणखी पुढे.

उंच-सखल जागेसाठी अंतर किती बदलायचं?

तीन फूट चढाला एक यार्ड जास्त, तीन फूट उताराला एक यार्ड कमी. १५० यार्डांवरचं ग्रीन १२ फूट वर असेल तर १५४ चा शॉट मारा. या हिशेबामागचं कारणही पाहून ठेवा. बॉल ४५ अंशांत खाली येत असेल, तर जमीन एक यार्ड वर आली की बॉल एक यार्ड आधीच टेकतो. वेज त्याहून उभा खाली येतो, म्हणून त्याला थोडा कमी फरक पडतो. ड्रायव्हर आडवा येतो, म्हणून त्याला जास्त.

वाऱ्याचा हिशेब कसा करायचा?

समोरून येणारा वारा जितकं नुकसान करतो, तितका मागून येणारा वारा फायदा करून देत नाही. सुरुवातीला एवढं धरून चाला: समोरचा वारा ताशी एक मैलामागे एक टक्का अंतर खातो, मागचा वारा साधारण अर्धा टक्का वाढवून देतो. ताशी १० मैलांच्या समोरच्या वाऱ्यात १५० यार्डांचा शॉट १६५ चा समजा. तोच वारा पाठीमागून असेल तर सुमारे १४३ चा.

वारा तिरका असेल तर तो दोन्हीकडे काम करतो. बरोबर मधल्या, म्हणजे ४५ अंशांच्या कोनात आला, तर त्याच्या वेगाचा सुमारे ७० टक्के भाग अंतरावर आणि तितकाच बाजूला ढकलण्यात जातो. आडव्या वाऱ्यात शॉट वळवून वाऱ्याशी झुंजण्यापेक्षा नेम बाजूला धरणं नवशिक्याला सोपं जातं. शिवाय उंच शॉटला वारा जास्त लागतो. जोराच्या वाऱ्यात एक क्लब मोठा घेऊन कमी उंचीने मारलेला शॉट जास्त भरवशाचा.

रफमध्ये किंवा बंकरमध्ये '८०–९० टक्के' (नेहमीच्या अंतराच्या) असं दिसतं, त्याचं काय करायचं?

हव्या असलेल्या अंतराला त्या टक्केवारीने भागा. १४० यार्ड हवेत आणि मधला आकडा ८५ टक्के, तर १४० ला ०.८५ ने भागून सुमारे १६५ येतात. पण इथेच थांबू नका. १६५ चा शॉट ८० टक्क्यांना १३२ यार्ड जाईल आणि ९० टक्क्यांना १४८ पेक्षा थोडा जास्त. आता या दोन्ही ठिकाणी नकाशावर काय आहे ते पाहा. १३२ वर पाणी असेल आणि १४८ वर नुसतं ग्रीनचं मागचं टोक, तर क्लब बिनदिक्कत मोठा घ्या. टक्केवारीची दोन टोकं दाखवून गेम तुम्हाला धोका कुठे आहे तेच सांगत असतो.

जमीन तिरपी असेल तर तेही मोजा. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल पायांपेक्षा वर असेल तर शॉट डावीकडे ओढला जातो, खाली असेल तर उजवीकडे.

पार ५ वर दुसऱ्याच शॉटला ग्रीन गाठायचा प्रयत्न करावा का?

शॉट चुकला तर बॉल कुठे जाईल, यावर ते ठरवा. चुकलेला बॉल बंकरमध्ये किंवा रफमध्ये जाणार असेल तर जरूर मारा, तिथूनही बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, होऊ शकते. पाणी असेल आणि तुमचा सगळ्यात लांब शॉट जेमतेम पोहोचत असेल, तर थांबा.

थांबायचं ठरवलं की 'जमेल तितकं पुढे' मारू नका. पुढचा शॉट कोणत्या क्लबचा हवा ते आधी ठरवा. २४८ यार्ड उरलेत आणि सँड वेज पूर्ण ताकदीने ९५ जातो, तर आता १५३ यार्ड मारायचे. मीटरवर ६० टक्के ताकद नेमकी पकडण्यापेक्षा पूर्ण शॉट पकडणं सोपं असतं आणि त्याला बॅकस्पिनही चांगला मिळतो. तुमच्या गेममध्ये अर्ध्या ताकदीचा शॉट सहज आणि अचूक बसत असेल, तर मात्र जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

पिनवर थेट नेम धरायचा नाही का?

हातात वेज असेल आणि पिनच्या चारही बाजूंना जागा असेल तर धरा. एरवी नेम पिन आणि ग्रीनचा मध्य यांच्यामध्ये कुठेतरी असावा. अमेरिकेतल्या टीपीसी सॉग्रास कोर्सचा १७ वा होल अनेक गेममध्ये आहे: पार ३, सुमारे १३७ यार्ड, ग्रीनभोवती पाणी. पिन उजव्या टोकाला असली की हात शिवशिवतात. पण तिथे मध्यावर टाकलेला बॉल वाईट निघाला तरी दोन पटांत पार देतो, आणि उजवीकडे थोडासा चुकलेला बॉल थेट पाण्यात.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सचा १७ वा, म्हणजे रोड होल, हाच विचार करायला भाग पाडतो. ग्रीनच्या पुढे डावीकडे खोल बंकर आणि मागे रस्ता. तिथे ग्रीनच्या पुढच्या उजव्या बाजूला बॉल ठेवून लांबचा पट मारणं ही माघार समजू नका, ती चांगली आखणी आहे.

आणखी एक सवय लावून घ्या: चूक पिनच्या खालच्या बाजूला व्हावी असा नेम धरा. चढाचा आठ फुटांचा पट उताराच्या पाच फुटांच्या पटापेक्षा मी केव्हाही पसंत करेन.

पटिंगमध्ये आधी काय ठरवायचं, वेग की रेषा?

वेग. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पटची एकच एक 'बरोबर रेषा' नसते. जोरात मारलेला बॉल कमी वळतो, हळू मारलेला जास्त वळतो. म्हणजे एकाच पटला प्रत्येक वेगाची वेगळी रेषा असते. आधी रेषा निवडून नंतर ताकद ठरवली, तर दोन्हींचा मेळ बसणं नशिबावर राहतं. मग बॉल होलच्या वरच्या बाजूने गेला की 'नेम चुकला' असं वाटतं आणि पुढच्या वेळी नेम बदलला जातो. खरं तर वेग चुकलेला असतो.

दुसरं कारण होलच्या आकाराचं. होल सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर रुंद असतो, आणि बॉल सुमारे ४३ मिलिमीटरचा. हळू आलेला बॉल कडेला टेकला तरी आत पडतो. वेगात आलेला बॉल कडेवरून फिरून बाहेर जातो, त्याला जवळपास मध्यावरूनच यावं लागतं. वेग वाढवला की होल जणू लहान होतो. पण फारच हळू मारला तर बॉल पोहोचतच नाही. म्हणून चुकला तर होलपलीकडे सुमारे एक फुटावर थांबेल, असा वेग धरा. हा वेग प्रत्येक पटला कायम ठेवलात की बदलायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे रेषा. मग प्रत्येक चुकीतून काहीतरी कळायला लागतं.

चढाच्या किंवा उताराच्या पटला ताकद किती बदलायची?

मध्यम वेगाच्या ग्रीनवर एक इंच चढाला एक फूट वाढवा, एक इंच उताराला एक फूट कमी करा. २० फुटांचा पट ६ इंच चढाचा असेल तर २६ चा मारा, ४ इंच उताराचा असेल तर १६ चा. होलपलीकडचा एक फूट यात वेगळा मिळवा.

खऱ्या गोल्फमध्ये ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात. ठरलेल्या कोनातल्या पट्टीवरून बॉल सोडला की तो सपाट ग्रीनवर जितके फूट जातो, तो आकडा म्हणजे ग्रीनचा वेग. वरचा इंचाला फुटाचा हिशेब स्टिम्प १० च्या आसपास चांगला जुळतो. १२ च्या ग्रीनवर इंचामागे सव्वा फुटाहून किंचित जास्त धरा, ८ च्या ग्रीनवर पाऊण ते एक फुटाच्या मध्ये. गेम नुसतं 'फास्ट' किंवा 'स्लो' लिहीत असेल तरी दिशा हीच.

याच हिशेबातून एक इशाराही मिळतो. २० फुटांत २० इंच उतार असेल तर आकडा शून्यावर येतो, म्हणजे बॉल नुसता हलवला तरी तो स्वतःहून थांबणार नाही. अशा जागी पट होलमध्ये घालायचा विचार सोडा. चुकलेला बॉल कुठे जाऊन थांबेल आणि तिथून पुढचा पट कसा असेल, एवढंच पाहा.

ग्रीनवरच्या जाळीतले सरकणारे ठिपके कसे वाचायचे?

ठिपके ज्या दिशेला सरकतात तो उतार, आणि जितके वेगाने सरकतात तितका तो तीव्र. गोंधळ होतो तो सगळ्या ठिपक्यांना सारखंच महत्त्व दिल्यामुळे. बॉल सुरुवातीला वेगात असतो, तेव्हा बाजूचा उतार त्याला फारसा हलवू शकत नाही. होलजवळ येताना तो मंदावतो, उताराला काम करायला वेळ मिळतो, आणि खरं वळण तिथेच पडतं. म्हणून वाटेचा शेवटचा एक तृतीयांश भाग सगळ्यात काळजीपूर्वक वाचा. उजवीकडे आणि डावीकडे असे दोन्ही उतार दिसले तरी ते एकमेकांना समसमान कापत नाहीत, होलजवळचा उतार भारी पडतो.

जाळी नसलेल्या गेममध्ये कॅमेरा बॉलच्या मागे जमिनीलगत न्या, मग होलच्या मागून बॉलकडे पाहा. होलभोवती पाणी ओतलं तर ते कोणत्या बाजूने वाहून जाईल, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर बहुधा लगेच दिसतं.

मग नेम नेमका कुठे धरायचा?

बॉल ज्या दिशेने सुटायला हवा, त्या दिशेला. साधी वाटणारी ही गोष्ट बरेच जण चुकवतात. ते बॉलच्या वळणदार वाटेचा सगळ्यात उंच बिंदू शोधतात आणि नेम तिथेच धरतात. पण बॉल तिथे पोहोचेपर्यंत थोडा वळलेलाच असतो. त्यामुळे त्या बिंदूवर धरलेला नेम कमी पडतो आणि बॉल होलच्या खालच्या, म्हणजे उताराकडच्या, बाजूने जातो. तुमचे बहुतेक पट होलच्या खालच्या बाजूनेच चुकत असतील, तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

एक पट आकड्यांत पाहू. २४ फूट अंतर, ५ इंच उतार, ग्रीन मध्यम वेगाचं. पहिल्या १६ फुटांत ठिपके बाजूला हलत नाहीत, शेवटच्या ८ फुटांत ते उजवीकडे बऱ्यापैकी पळताहेत, समजा दोन टक्क्यांचा उतार. आधी वेग: २४ मधून ५ वजा, अधिक १, म्हणजे २० फुटांची ताकद. आता रेषा. शेवटच्या ८ फुटांत बॉल सुमारे एक फूट उजवीकडे येईल, म्हणून होलच्या डावीकडे एक फूट, म्हणजे होलच्या तीन रुंदींपेक्षा थोडं कमी. पट उताराचा असल्यामुळे बॉल शेवटी रेंगाळतो, म्हणून मी पूर्ण तीन धरीन. हाच बाजूचा उतार पूर्ण २४ फुटांवर असता, तर नेम जवळपास तीन फूट डावीकडे गेला असता. एकसारख्या उतारावर अंतर दुप्पट झालं की वळणही साधारण दुप्पट होतं. त्यामुळे एक पट नीट लक्षात राहिला की त्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो.

ग्रीन जितकं वेगवान तितकं वळण जास्त. चढाच्या पटला बॉल जोरात मारलेला असतो आणि शेवटी पटकन थांबतो, म्हणून तिथे वळण कमी.

तीस फुटांच्या पुढचे पट होलमध्ये घालायचे की नुसते जवळ न्यायचे?

जवळ न्यायचे. पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, वीस फुटांवरून सातातला एखादा. तीन फुटांवरून मात्र जवळजवळ सगळेच. गेममध्ये तुमची टक्केवारी वेगळी असेल, पण उतरण अशीच दिसेल. म्हणून लांबच्या पटला होलभोवती तीन फूट त्रिज्येचं वर्तुळ डोळ्यांसमोर आणा आणि बॉल त्यात थांबवा. इथे रेषेपेक्षा ताकदीवर लक्ष द्या. चाळीस फुटांवरून रेषा दोन फूट चुकली तरी बॉल वर्तुळातच राहतो. ताकदीतली चूक मात्र सहज सहा-सात फुटांची होते.

तीन-चार फुटांचे पट का हुकतात?

बहुधा घाईने. इतक्या जवळून वळण अगदी थोडं असतं, त्यामुळे नेम होलच्या आतच ठेवून जरा ठाम मारला की ते निघून जातं. अपवाद तीव्र आडव्या उताराचा, तिथे पुन्हा नेहमीचा हिशेब करा.

मीटर बरोबर दाबूनही उशीर झाल्यासारखं वाटतं. असं का?

टीव्हीवर चित्र उशिरा उमटत असेल. बहुतेक टीव्हींमध्ये 'गेम मोड' असतो, तो चालू करा. टीव्ही चित्रावर जी जास्तीची प्रक्रिया करतो ती बंद पडते आणि उशीर कमी होतो. तीन क्लिकच्या मीटरला याचा फार फरक पडतो. कंट्रोलरच्या स्टिकने स्विंग करत असाल तर मागे नेणं आणि पुढे ढकलणं यांची लय प्रत्येक शॉटला सारखी ठेवा, पटिंगलाही. लहान पट म्हणून हात हळू चालवू नका. किती मागे न्यायचं ते बदलतं, लय बदलत नाही.

ग्रीनच्या कडेवरून, फ्रिंजमधून पटर वापरावा का?

बॉल फ्रिंजच्या कडेला असेल आणि मध्ये उंच गवत नसेल तर हो. फ्रिंजचं गवत बॉलचा वेग खातं, म्हणून तेवढ्या भागाला थोडी ताकद वाढवा. मध्ये रफ असेल तर वेजने छोटा चिप.

पटची आपोआप दिसणारी रेषा किंवा प्रिव्ह्यू वापरावा की बंद करावा?

सुरुवातीला वापरा, पण आधी स्वतःचा अंदाज ठरवून मगच. 'डावीकडे एक फूट, ताकद २० फूट' असं मनाशी पक्कं करा, मग प्रिव्ह्यू उघडा आणि फरक पाहा. प्रिव्ह्यू आधी उघडला तर डोळा काहीच शिकत नाही आणि ऑनलाइन सामन्यात ती सोय नसली की हात थांबतात.

सराव कसा करावा?

पटिंगसाठी सरावाच्या ग्रीनवर आधी सपाट जागा शोधा. दहा, वीस आणि तीस फुटांची ताकद लावून बॉल नेमका कुठे थांबतो ते पाहा. गेमचा फूट आणि तुमच्या हाताचा फूट जुळला की मग चढावर जा, एक इंचाला एक फूट तुमच्या ग्रीनला जुळतो का ते तपासा. नंतर उतारावर, सगळ्यात शेवटी आडव्या उतारावर. होलकडे सुरुवातीला लक्षच देऊ नका, बॉल कुठे थांबला तेवढं पाहा.

शॉटच्या आखणीसाठी एकच कोर्स निवडून तो वारंवार खेळा. प्रत्येक चुकीच्या शॉटनंतर ती चूक आकड्याची होती, हाताची होती की निवडीची, एवढं वहीत टिपा. वारा किंवा चढ चुकीचा धरला असेल तर ती आकड्याची चूक. मीटर हुकला असेल तर हाताची. सगळं बरोबर मारूनही बॉल वाईट जागी गेला असेल तर निवडीची. काही राउंडनंतर वहीत कोणत्या नोंदी जास्त आहेत ते पाहा आणि पुढचा सराव त्याचाच करा.